जखमी हरणांसाठी माग काढणारे कुत्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिकाऱ्याच्या गोळीने जखमी झालेले हरीण रानात तडफडत राहू नये, म्हणून जर्मनीत पिल्लूपणापासून तयार केलेले कुत्रे त्याच्या मागावर नेले जातात. आधी कातड्याचा तुकडा ओढून केलेला छोटा माग, त्याच्या शेवटी खाऊ. पुढे हरणाचे खूर बसवलेले जोडे घालून आणि अगदी थोडे रक्त शिंपडून माग उमटवतात, वळणे वाढवतात आणि तो शिळा होऊ देतात. तेथील एका परीक्षेत किमान १००० मीटर लांबीचा आणि २० तास जुना माग लांब दोरीवर काढावा लागतो. पिल्लाची घाई न करणे हाच मला या शिक्षणाचा गाभा वाटतो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे; परंतु वाहनाची धडक बसलेले किंवा फासातून सुटलेले चितळ झुडपांत शिरते आणि हाल होऊन मरते. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. वनखात्याने त्याच्या मदतीने काही पिल्ले जखमी प्राण्यांच्या शोधासाठी शिकवून घ्यावीत आणि शोधपथकात पशुवैद्यही असावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर