विषय: पापिंगोचं दगडी घर, भिंतीतली ओल आणि तुमच्या माणसाचं उत्तर

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहितोय. बुकिंगची पावती, फोटो, व्हिडिओ सगळं जोडलंय. घर कुठलं ते तुम्हाला माहितीच आहे, ग्रीसच्या झागोरी या डोंगराळ भागातल्या मेगालो पापिंगो गावातलं, वेबसाईटवर "पारंपरिक पद्धतीने जतन केलेलं झागोरीचं दगडी घर" असं तुम्हीच लिहिलंय आणि त्या एका ओळीवर विश्वास ठेवून आम्ही पूर्ण पैसे आगाऊ भरले, आईला घेऊन योआनिना शहरावरून डोंगर चढून गेलो. गावाबद्दल काही म्हणणं नाही. वर आस्त्राका डोंगराचे कडे, चपट्या दगडांची छपरं, दगडी गल्ल्या, फोटोत दिसतं त्याहून सुंदर. तक्रार घराची आहे.

बेडरूमच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, लोणा फुटलेला, पलंगामागे काळी बुरशी. आईला दमा आहे, तुमच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं, ती रात्रभर खोकत बसली. जाहिरातीत ज्याचा मोठा फोटो आहे तो मांझातो, म्हणजे फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना लाकडी ओटे असलेली हिवाळ्याची खोली, तिथलं धुराडंच बुजवलेलं. ऑक्टोबरची थंडी, गाव साडेनऊशे मीटरवर, आणि उबेला एक छोटा इलेक्ट्रिक हीटर.

आता फोनचं ऐका. मी म्हटलं भिंत ओली आहे, तिथेच दुसरं घर मागितलं होतं ते मिळालं नाही, आता पैसे परत करा. तर तुमचा माणूस म्हणतो, "सर, जुनी दगडी घरं आहेत, ओल असणारच." मी म्हटलं, अहो बाहेरून दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, सिमेंटने भरल्यात, आतून प्लास्टिक पेंट मारलाय, पाणी जाणार कुठून? तर म्हणे, "सर, ते युनेस्कोचं आहे, तिथे काही बदलता येत नाही." मग सिमेंट कुणी भरलं, विचारलं. यावर काही बोललाच नाही. होल्डवर टाकलं, परत आला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला हॉटेलची सवय असेल, अशा घरात राहायला जरा आवड लागते."

आवड लागते! माझं अर्धं आयुष्य पुण्यातल्या वाड्यांच्या दुरुस्तीत गेलंय, चुन्याच्या घाणीत चुना कसा मळतात ते मी बघितलंय, आणि मला आवड शिकवता?

जुन्या घराची बदनामी करू नका. एपिरसच्या, म्हणजे त्याच प्रांतातल्या, गवंड्यांनी बांधलेल्या त्या जाड भिंती, मधून लाकडाचे पट्टे घातलेल्या, पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत. जमिनीतून ओल वर चढते, ती चुन्याच्या दरजांमधून सुकून जाते. सिमेंटने दरजा बंद केल्या की ती आत अडकते आणि खोलीत फुटते. शेजारचं घर तसंच जुनं, दरजा चुन्याच्या, आत हात लावून बघितला, कोरडं. म्हणजे दोष दगडाचा नाही, स्वस्तात केलेल्या दुरुस्तीचा आहे. ग्रीसच्या पर्यटन संस्थेने १९७५ पासून जुन्या वस्त्यांमधली घरं दुरुस्त करून पाहुण्यांना उघडली, पापिंगो त्यातलंच, हे तुम्हीच माहितीपत्रकात मिरवता. २०२३ मध्ये झागोरी जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते या दगडी बांधकामामुळे, त्याच्या नावावर बुरशी खपवायला नाही. दुसऱ्यांच्या पूर्वजांचं काम आहे ते, तुम्ही त्यावर पैसे कमावता, निदान त्याचा मान ठेवा.

आणि "आम्ही फक्त मध्यस्थ" हे परत ऐकवू नका. पैसे तुमच्या खात्यात गेले, वर्णन तुमचं आहे. आईला दमा आहे हे फॉर्ममध्ये होतं, परत सांगतो, फॉर्ममध्ये होतं.

तुमच्याकडून आधीही बुकिंग केलंय, मित्रांना नाव सुचवलंय, म्हणून जास्त वाईट वाटतंय. पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत, आईच्या औषधोपचाराचा खर्च वेगळा, आणि भिंत नीट होईपर्यंत ते घर वेबसाईटवरून काढा, निदान "पारंपरिक पद्धतीने" हे शब्द तरी काढा. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात केस टाकता येते, फसव्या जाहिरातीची तक्रार वेगळी करीन, कागद तयार आहेत. उत्तर लेखी द्या, फोन नको. आणि त्या "आवड लागते" वाल्या कॉलचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ऐकल्याशिवाय उत्तर लिहू नका.