लिनक्स सपोर्ट म्हणजे 'सुडो लावून चालवा' नाही

प्रति,
कस्टमर सपोर्ट

विषय: यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझरची परमिशनची फाईल चुकीची आहे, बंद केलेलं तिकीट परत उघडा

नमस्कार,

तुमचा लॉजिक अ‍ॅनालायझर, म्हणजे सर्किटमधले डिजिटल सिग्नल टिपून दाखवणारं उपकरण, घेऊन तीन आठवडे झाले. बॉक्सवर विंडोज आणि मॅकच्या शेजारी लिनक्सचा पेंग्विन छापलाय म्हणूनच घेतला होता. पहिल्या दिवशी लावला, एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी डिव्हाइस दाखवणारी कमांड) मारलं तर यादीत व्यवस्थित दिसतोय, पण तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं "डिव्हाइस सापडलं नाही". सापडलं होतं हो, उघडायची परमिशन नव्हती, पण तुमच्याकडे दोन्हीला एकच मेसेज, त्यामुळे मी बसलो केबल बदलत आणि पोर्ट बदलत.

तुमचं पहिलं उत्तर, सुडो लावून चालवा, म्हणजे रूटच्या, मशीनवरच्या सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने. चाललं, पण सेव्ह केलेल्या सगळ्या फाईली रूटच्या नावावर, दुसऱ्या दिवशी माझ्याच फाईलीत मलाच काही सेव्ह करता येईना. आणि नेटवर जाऊन अपडेट शोधणारं सॉफ्टवेअर मी रोज रूट म्हणून का चालवू?

दुसरं उत्तर, सीएचमॉड ६६६ मारा, म्हणजे डिव्हाइसच्या फाईलवर सगळ्यांना वाचायची-लिहायची परमिशन द्या. तेही चाललं, केबल काढेपर्यंत. अहो ती काय डिस्कवर पडून राहणारी फाईल नाहीये, डिव्हाइस लावलं की ती नव्याने तयार होते, नंबरसुद्धा बदलतो, आत्ता ००७ होता तो परत लावल्यावर ००८.

मग एकदाची तुम्ही यूडेव्हच्या (डिव्हाइस लावल्यावर त्याची परमिशन ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) रूल्सची फाईल पाठवली. ती जागेवर टाकली, रूल्स रीलोड केले, केबल काढून परत लावली, तरी एलएस कमांडमध्ये मालक रूट, ग्रुप रूट, परमिशन ०६६४, म्हणजे लिहायची मुभा अजून रूटलाच. एरर काहीच नाही. तासाभराने लक्षात आलं की व्हेंडर आयडीतली (डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीच्या कोडमधली) अक्षरं तुम्ही कॅपिटल लिहिलीत. कर्नल (लिनक्सचा गाभा) ती स्मॉलमध्ये देतो आणि यूडेव्ह अक्षराला अक्षर जुळवून बघतो, त्यामुळे तुमचा रूल कोणाच्याही मशीनवर लागलाच नसणार. पाठवण्याआधी एकदा तरी लावून बघितली होती का ही फाईल?

ते सुधारल्यावर डिव्हाइस दिसलं आणि सेकंदभरात गायब! कारण तुमचं सॉफ्टवेअर आधी त्यात फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतला प्रोग्रॅम) चढवतं, मग डिव्हाइस स्वतःच डिस्कनेक्ट होऊन दुसऱ्या प्रॉडक्ट आयडीने परत येतं, आणि फाईलमध्ये फक्त पहिला आयडी. हे मला डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) बघत बसून शोधावं लागलं, तुमच्या इंजिनिअरला तर पाठच असेल.

अजून एक, तुम्ही फाईलमध्ये परमिशनचा मोड ०६६६ दिलाय, म्हणजे मशीनवरचा कुठलाही युजर त्यात वाटेल ते लिहू शकतो. त्याजागी यूअ‍ॅक्सेस टॅग लावला की समोर बसून लॉगिन केलेल्याला परमिशन मिळते, तेवढं पुरे आहे. मी तसं केलं आणि त्यातही एक संध्याकाळ गेली, कारण हा टॅग ७३ नंबरच्या सिस्टीम रूलच्या आधी लागायला लागतो, फाईली नावातल्या नंबरच्या क्रमाने वाचल्या जातात, आणि तुमच्या फाईलचं नाव ९९ ने सुरू होतं. ही चूक माझीच, नाव मात्र तुमचं होतं. ७० केलं आणि चाललं, सुडोशिवाय, केबल दहादा काढून लावली तरी.

आता माझं चालतंय म्हणून तिकीट बंदच ठेवू नका. सुधारलेली फाईल सोबत जोडली आहे, ती इन्स्टॉलरमध्येच टाका म्हणजे कोणाला हाताने कॉपी करायला लागणार नाही, मदत पानावरचा सुडोचा सल्ला काढा, आणि परमिशन नसेल तर सॉफ्टवेअरने तसं स्पष्ट सांगावं. यातलं काय करताय आणि कुठल्या व्हर्जनमध्ये, ते लेखी कळवा. तेवढं जमणार नसेल तर बॉक्सवरचा पेंग्विन काढा आणि माझे पैसे परत करा.

ऑर्डर ज्या मेलवरून दिली त्याच मेलवरून लिहितोय, त्यामुळे सीरियल नंबर चौथ्यांदा मागू नका.

तुमचा एक ग्राहक