बांधावर जायच्या आधी हे वाच

बाळा,

काल तू फोन ठेवून दिलास तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून टाईप करतेय, अर्धं वाचून रिप्लाय करू नकोस. शनिवारी जेसीबी आणतो आणि बांध होता तिथे परत टाकतो म्हणालास ना, ते आधी डोक्यातून काढ. शेजारच्या रानातल्या तात्यांनी बांध कोरलाय हे मला दिसत नाही का, रोज रानात मीच जाते. त्याच बांधावरून तू आणि सुमी सायकल चालवायचात, आता पाय ठेवायला जागा नाही, घायपातपण गेली. दर नांगरटीला नांगराचं एक तास आपल्या हद्दीत आत. पाच फूट रुंद आणि चारशे फूट लांब धरलं तरी दोन हजार स्क्वेअर फूट होतात, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांच्या वर. हिशोब मलापण येतो.

पण तू बांधावर भांडायला जायचं नाही. त्यांचा पिंट्या कसा आहे तुला माहितीये आणि तू काही कमी नाहीस. मागच्या खोलीच्या वेळी काय झालं होतं ते मी विसरले नाही.

अण्णांनी हद्द कायमच्या मोजणीचा अर्ज टाकलाय, भूमी अभिलेखच्या ऑफिसात. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, तात्यांनापण जाईल, मग तारखेला भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाला, येऊन जुन्या रेकॉर्डप्रमाणे खुणा दाखवेल. आता ते रोव्हर घेऊन येतात, सॅटेलाईटवरून पॉइंट घेतात. आजोबांच्या वेळी साखळी ओढायचे, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची, आण्याला साधारण दोन फूट. आजोबा एक टोक धरून उन्हात उभे राहायचे आणि कुणी साखळी ढिली धरली की ओरडायचे. कोपऱ्यावरचा दगड पुरताना त्यांनी खाली कोळसा टाकला होता, दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही म्हणायचे. तू त्यांच्यावरच गेलायस, तोंडानेपण आणि डोक्यानेपण. टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा कागद, वाचायला तू आठवीत असताना शिकलास, अण्णांना अजून धड जमत नाही, आणि त्यासाठीच तू मोजणीच्या दिवशी हवायस मला. टिपण हातात घेऊन उभा राहा, फावडं घेऊन नाही.

आणि एक समजून घे, मोजणीवाले हद्द दाखवतात, ताबा काढून देत नाहीत. नकाशाची क प्रत मिळाली, त्यात अतिक्रमण निघालं, की आधी चार माणसं बसवून तात्यांशी बोलायचं, ऐकलं तर बाँडवर लिहून दोघांच्या सह्या. नाहीच ऐकलं तर पुढचा रस्ता आहे. तहसीलदाराकडे मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली जायचं तर सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून ह्या नांगरटीची तारीख अण्णांनी डायरीत लिहून ठेवलीय. तात्यांना मोजणी पटली नाही तर ते निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागतील, मागू देत. वेळ जाईल. जाऊ दे ना. तुझ्या अंगावर केस पडली तर नोकरीच्या व्हेरिफिकेशनला काय सांगशील? हद्दीची खूण हलवली तर दंड आहे, जमीन महसूल अधिनियमात कलमच आहे, ते त्यांना लागतं तसं तुलापण लागेल. जेसीबी तू लावलास की चोर तू ठरतोस.

बघ, परत लेक्चर सुरू झालं माझं, सॉरी. तुला कळतं सगळं. काल तू म्हणालास तुम्ही दोघं घाबरट आहात, तर हो, मी घाबरते, पावणेदोन गुंठ्यांसाठी नाही घाबरत. तात्यांची बायको मला विहिरीवर भेटली तर अजून बोलते, खाली बघून का होईना. सुमीच्या वेळी रात्री गाडी त्यांनीच काढली होती, हे लिहायचं नव्हतं पण लिहिलं. म्हणून आपण बांध सोडावा असं नाही, बांध आपला आहे आणि आपण तो घेणार.

सातबाऱ्यावर तुझंपण नाव आहे म्हणून सही लागणार आहे, आधारची झेरॉक्स पाठवून ठेव. नोटीस आली की फोटो टाकते. शनिवारी यायचंच असेल तर ये, पण एसटीने, आणि आधी घरी. तात्यांना फोन तू करायचा नाहीस, मी करीन.

आई