काकूंच्या झडपेचे मोजमाप

धंतोली, नागपूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काकूंचा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काल रात्री दोनदा वाचला. महाधमनीच्या झडपेचे क्षेत्रफळ ०.८ चौ. सेंमी., म्हणजे अरुंदपणा तीव्र. झडपेच्या दोन बाजूंमधला सरासरी दाबफरक मात्र २८ मिमी पारा, म्हणजे मध्यम. यातले खरे कोणते मानायचे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. क्षेत्रफळ १ पेक्षा कमी, दाबफरक किमान ४० आणि रक्ताचा वेग सेकंदाला किमान ४ मीटर असला की अरुंदपणा तीव्र मानतात. काकूंचा वेग ३.४ आहे.

इकोमध्ये हे क्षेत्रफळ हिशेबाने काढतात. झडपेखालच्या मार्गाचा व्यास मोजून तो मार्ग गोल आहे असे धरतात. प्रत्यक्षात तो बहुधा लंबगोल असतो, आणि व्यासाचा वर्ग होत असल्याने २ सेंमी.ऐवजी १.८ मोजले गेले तरी क्षेत्रफळ १९ टक्के कमी भरते. उलट, रक्ताचा वेग मोजणारा डॉपलरचा ध्वनिकिरण प्रवाहाला ३० अंश तिरका लागला तर दाबफरक खऱ्याच्या पाऊणपटच दिसतो. रिपोर्टमध्ये केवळ हृदयाच्या टोकाकडून घेतलेली मोजणी आहे, हे मला फार खटकले. छातीच्या उजव्या बाजूनेही वेग पाहायला हवा होता.

तिसरी शक्यता मला अधिक वाटते. काकूंच्या हृदयाचा डावा कप्पा लहान आणि जाड भिंतींचा आहे. असा कप्पा ६० टक्के आकुंचन पावला तरी मुळात रक्तच थोडे फेकतो, आणि प्रवाह कमी असला की झडप तीव्र अरुंद असूनही दाबफरक वाढत नाही.

म्हणून मी सीटी सुचवतो. त्यात झडपेवर साचलेले कॅल्शियम मोजता येते, आणि त्यासाठी शिरेतून औषध द्यावे लागत नाही, त्यामुळे मूत्रपिंडांची चिंता नाही. स्त्रियांमध्ये १२०० आणि पुरुषांमध्ये २००० च्या पुढचा आकडा तीव्रतेकडे बोट दाखवतो. स्त्रियांच्या झडपेत कॅल्शियमपेक्षा तंतुमय जाडी अधिक असते, म्हणून त्यांची मर्यादा खाली आहे. एमआरआयमध्ये प्रवाहाचे प्रमाण उत्तम कळते, पण सर्वोच्च वेग कमी दिसण्याची शक्यता असते. कॅथेटर झडपेतून पलीकडे नेऊन दाब मोजण्याची जुनी रीत, जिचे सूत्र १९५१ पासून वापरात आहे, तूर्त नको. त्यात कॅल्शियमचे कण सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो.

गेल्या रविवारी महाल भागातल्या घरी गेलो होतो, तेव्हा माडीचा जिना चढताना काकू दोनदा थांबल्या. त्यांनी वयाचे कारण सांगितले. मला ते पटले नाही. तू होकार कळवलास की याच आठवड्यात मी स्वतः त्यांना सीटीला घेऊन जाईन आणि इकोही पुन्हा करवून घेईन.

तुझा,
बालमित्र