सोमवारपासून साडेपाचला

मंडळी, सोमवारपासून चालायला नागपूरच्या अंबाझरी तलावावर पहाटे साडेपाचलाच जमायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, आठनंतर चालण्यात शहाणपणा नाही. पाणी पिऊन या, बाटलीही आणा.

पहिली पाच-सात मिनिटं हळूच चाला. मग वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. (तो टाळणारेच आपल्यात जास्त!) खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, भिंतीला रेटून दंड काढा.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा, सोबतच्याला सांगा.

रविवारचे तर्रीपोहे चालून झाल्यावरच.