अवॉर्डच्या बातमीत, त्या जागी आधी काय होतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात एखाद्या आर्किटेक्चर फर्मच्या नव्या प्रोजेक्टची, अवॉर्डची बातमी आली की मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, कारण मी त्याच क्षेत्रातली आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करतेय आणि ड्रॉइंग्जच्या जोडीला अवॉर्डच्या एंट्र्या तयार करायचं कामही माझ्याकडेच असतं. त्यामुळे एक गोष्ट तुम्हाला मनापासून सांगायची होती म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण जागा असेल तर छापा.

या बातम्यांचा साचा ठरलेला असतो. संध्याकाळच्या निळसर उजेडातला फोटो, आतले सगळे दिवे लागलेले, माणूस एकही नाही, आणि खाली 'पर्यावरणपूरक', 'ग्रीन', 'सस्टेनेबल' यातला एक तरी शब्द. आता हा फोटो कधी काढलेला असतो, तर बहुतेक वेळा लोक राहायला यायच्या आधी, फर्निचरवरचं प्लास्टिक नुकतंच काढलंय अशा वेळी. आणि 'इतके टक्के वीज वाचणार' असा जो आकडा असतो तो सॉफ्टवेअरमधून येतो, डिझाइनच्या टप्प्यावर मॉडेल करून. तो खोटा असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, मॉडेल करावंच लागतं, पण एंट्री भरायच्या दिवशी त्या इमारतीचं विजेचं पहिलं बिलसुद्धा अनेकदा आलेलं नसतं. लोक आत आले की एसी जास्त वेळ चालतात, उकडतंय म्हणून खिडक्या उघडल्या जातात, सेन्सर बंद करून ठेवले जातात, आणि कागदावरचा आकडा व मीटरवरचा आकडा यात फरक पडतो. आमच्या क्षेत्रात याला 'परफॉर्मन्स गॅप' म्हणतात आणि सगळ्यांना ते माहितीये. पेपर वाचणाऱ्यांनाच तेवढं कुणी सांगत नाही.

पण मला यापेक्षाही जास्त खटकतं ते वेगळंच. 'आधी तिथे काय होतं' हा प्रश्न कुणी विचारतच नाही. चांगली उभी असलेली बिल्डिंग पाडून तिथे नवी ग्रीन बिल्डिंग बांधली तर नव्या बिल्डिंगचं सर्टिफिकेट छापून येतं, पाडलेली कुणाच्या हिशोबात नसते. काँक्रीट आणि स्टील बनवतानाच भरपूर कार्बन हवेत गेलेला असतो. सिमेंटचंच बघा, जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटमुळे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा भट्टीतल्या इंधनाचा नसतो, तो चुनखडीतूनच बाहेर पडतो. चुनखडी तापवली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, रसायनशास्त्रच तसं आहे, त्यामुळे भट्टी उद्या सगळी सोलरवर चालवली तरी तो भाग तसाच राहणार. म्हणजे नव्या इमारतीत माणूस राहायला यायच्या आधीच तिच्या नावावर मोठं कर्ज चढलेलं असतं आणि छतावरच्या सोलर पॅनलनी ते फेडायला कित्येक वर्षं जातात. आणि जुनी पाडली की तिच्यात आधीच घातलेला माल वाया, तो राडारोडा उचलायला ट्रक, टाकायला जागा, हे सगळं वेगळंच.

आता जी फर्म मला या बाबतीत सगळ्यात मोठी वाटते तिच्याबद्दल सांगते. लाकातों आणि वासाल, फ्रान्समधली. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या दोघांनी 1987 साली ऑफिस सुरू केलं. 2021 चं प्रित्झकर त्यांना मिळालं, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार, 1979 पासून दिला जातो. पण त्यांच्या इमारतींचे फोटो बघून बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, यात अवॉर्ड देण्यासारखं काय आहे? पॉलिकार्बोनेटचे म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे, साधे काँक्रीटचे स्लॅब, ग्रीनहाउससाठी वापरतात तसली स्ट्रक्चर. 1993 साली बोर्दोजवळच्या फ्लोअराकमध्ये त्यांनी एका कुटुंबासाठी कमी बजेटचं घर केलं, त्यात अर्धा भाग चक्क ग्रीनहाउसच होता. वाचलेल्या पैशांत त्या घराला कितीतरी जास्त जागा मिळाली, हिवाळ्यात उन्हाने ऊब आणि उन्हाळ्यात सगळं उघडून टाकायचं.

त्यानंतरचं त्यांचं एक काम मी ऑफिसात नव्या येणाऱ्या मुलामुलींना आवर्जून सांगते. 1996 साली बोर्दो शहराने त्यांना लिओं ओकॉक नावाचा एक छोटासा चौक सुशोभित करायला सांगितलं. झाडं, बाकं, मध्ये मोकळी जागा, भोवती साधी घरं, असा चौक. त्यांनी तिथे बराच काळ जाऊन बघितलं, लोकांशी बोलले, आणि कळवलं की इथे डिझाइन करायची काही गरज नाही, चौक छान आहे, लोक तो नीट वापरतायत. खडी बदला, झाडांची निगा राखा, साफसफाई जास्त वेळा करा, ट्रॅफिकमध्ये थोडा बदल करा, बास. काम मिळालेलं असताना 'बांधू नका' असं सांगायला किती धैर्य लागतं हे ऑफिस चालवणाऱ्यांना विचारा, फी बांधकामाच्या खर्चावर ठरते, जितकं जास्त बांधणार तितकी जास्त फी, अशी आमच्या धंद्याची रचना. हा प्रोजेक्ट कुठल्याही अवॉर्डच्या फॉर्ममध्ये बसत नाही, कारण 'नंतरचा फोटो' लावायचा तर तो आधीच्या फोटोसारखाच दिसणार.

मग 2004 साली, फ्रान्समध्ये साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठमोठ्या सरकारी वसाहती पाडायची मोहीम निघालेली असताना, फ्रेडरिक द्रुओ या आर्किटेक्टबरोबर त्यांनी एक अभ्यास मांडला. सार असं, की पाडायचं नाही, काढून टाकायचं नाही, आहे त्यात भर घालायची, बदल करायचा, पुन्हा वापरायचं. बोलायला सोपं आहे. त्यांनी ते करून दाखवलं. पॅरिसच्या उत्तर टोकाला, रिंग रोडच्या अगदी कडेला ब्वा-ल-प्रेत्र नावाचा साठच्या दशकातला टॉवर होता, जवळजवळ शंभर फ्लॅट, मधल्या एका दुरुस्तीत खिडक्या लहान करून बाहेरून पॅनल मारलेले, त्यामुळे आत अंधार. पाडायचं घाटत होतं. यांनी ते बाहेरचे पॅनल काढले, चारी अंगांनी नवे स्लॅब जोडून प्रत्येक घराला बाल्कनी आणि विंटर गार्डन म्हणजे काचेची बंद गच्ची दिली, 2011 मध्ये काम पूर्ण झालं, आणि घरं गरम ठेवायला लागणारी ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर आली. पाडून नवं बांधण्यापेक्षा खर्चही कमी.

त्याहून मोठं काम बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीतलं, तीन लांबच लांब इमारती, 530 फ्लॅट, द्रुओ आणि क्रिस्तोफ उताँ यांच्याबरोबर केलेलं. याचं डिटेल मला इतकं आवडतं की थोडं सविस्तरच लिहिते. जुन्या इमारतीच्या पुढे, तिला चिकटून, कारखान्यात बनवलेले कॉलम आणि स्लॅब क्रेनने उचलून एकावर एक रचले, म्हणजे जुन्या भिंतीवर नवा भार जवळपास टाकलाच नाही. प्रत्येक फ्लॅटसमोर 3.8 मीटर खोलीची नवी जागा तयार झाली. मग जुनी खिडकीची भिंत कापून काढली आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत काचेची सरकती दारं लावली. बाहेरच्या अंगाला पॉलिकार्बोनेटचे सरकते पत्रे, आतून पडदे, एक उन्हासाठी आणि एक थंडीसाठी जाड. थंडीत बाहेरचे पत्रे बंद ठेवले की मधल्या जागेतली हवा उन्हाने तापते आणि खोलीला स्वेटर घातल्यासारखं होतं, उन्हाळ्यात दोन्ही उघडले की वारा आरपार. मशीन काहीच नाही, राहणाऱ्याने आपल्या हाताने सरकवायचं.

आणि एका घरातलं सगळं काम 12 ते 16 दिवसांत. लोक तिथेच राहत होते! कुणाला ट्रान्झिटमध्ये हलवलं नाही, कुणाची शाळा बदलली नाही, शेजार तुटला नाही, भाडंही वाढलं नाही. पुनर्विकासात घर सोडून भाड्याच्या घरात वर्षानुवर्षं वाट बघणं काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. या कामाला 2019 चा मीस व्हान डर रोहे पुरस्कार मिळाला, युरोपियन आर्किटेक्चरमधला फार मोठा, आणि तो मिळाला नव्या इमारतीला नाही तर एका जुन्या सरकारी वसाहतीला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फ्रान्समधल्याच डंकर्कचंही त्यांचं एक काम आहे, थोडक्यात सांगते. बंदरावरची जहाजं बांधायची रिकामी प्रचंड शेड, तिथे कलासंग्रहालय करायचं होतं. कुणीही त्या शेडच्या पोटात मजले घालून ती भरून टाकली असती. यांनी शेजारी तेवढ्याच आकाराची पारदर्शक जुळी इमारत उभी केली, संग्रह तिच्यात ठेवला आणि जुनी शेड पूर्ण मोकळी ठेवली, मोठ्या कार्यक्रमांना आणि प्रदर्शनांना वापरतात.

आता कुणी म्हणेल की सगळंच काही वाचवता येत नाही. मान्य. स्टील गंजून फुगलंय, काँक्रीट सुटतंय, भूकंपाला टिकणार नाही असा स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आहे, तिथे माणसांचा जीव आधी. आणि जिथे आधी काहीच नव्हतं तिथे नवं बांधावंच लागणार. फ्रान्सिस केरे या आर्किटेक्टने पश्चिम आफ्रिकेच्या बुर्किना फासोमधल्या आपल्या गांडो गावात 2001 मध्ये शाळा बांधली, मातीत थोडं सिमेंट मिसळून केलेल्या विटा, त्यावर विटांचंच छत आणि त्याच्याही वर उंच उचललेला पत्रा, मधून गरम हवा निघून जाते, गावातल्या लोकांनी स्वतः हाताने बांधली. तिला 2004 चा आर्किटेक्चरसाठीचा आगाखान पुरस्कार आणि पुढे 2022 मध्ये केरेंना प्रित्झकर. तेव्हा नवं बांधकाम म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की पाडायचं असेल तर का पाडलं ते लोकांना कळलं पाहिजे, आणि 'जुनं झालं होतं' एवढं उत्तर पुरेसं नाही. इमारत पन्नास वर्षांची झाली म्हणजे ती संपली असं कुठल्याच इंजिनिअरिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आणि बक्षीस देणाऱ्यांनाही हे जमतं, जमत नाही असं नाही. आगाखान पुरस्कारात निवडलेल्या प्रोजेक्टवर परीक्षक पाठवतात, ते तिथे जाऊन वापरणाऱ्या लोकांशी बोलतात, आणि इमारत किमान वर्षभर वापरात असावी लागते. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचा एक पुरस्कार तर इमारत 25 वर्षं टिकून चांगली वापरली गेली असेल तरच देतात. लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज नावाच्या सर्टिफिकेटला सलग 12 महिन्यांचे खरे मीटरचे आकडे दाखवावे लागतात, सिएटलच्या बुलिट सेंटरने 2013 मध्ये सुरू होऊन ते दाखवले, सहा मजली ऑफिस, आणि वापरली त्यापेक्षा जास्त वीज छतावर बनवली. नॉर्वेच्या स्नोहेट्टा फर्मची ट्रॉन्डहाइममधली 2019 ची इमारत सगळीकडे छापून आली, भरपूर वीज बनवते, दिसतेही देखणी, पण याच फर्मचा सहभाग असलेल्या गटाने आधी 2014 मध्ये ऑस्लोजवळ ऐंशीच्या दशकातली साधी ऑफिसं न पाडता तशीच वीज बनवणारी करून दाखवली, त्याबद्दल किती कमी लिहिलं जातं. माझ्या मते ते काम जास्त मोठं, कारण साध्या जुन्या ऑफिस बिल्डिंगा तर सगळीकडेच पडलेल्या आहेत.

तेव्हा संपादकसाहेब, विनंती अशी. फर्मकडून प्रेस नोट आली की तुमच्या वार्ताहराने एक फोन करून विचारावं, इथे आधी काय होतं, त्यातलं किती ठेवलं, जे पाडलं ते का, आणि त्या सामानाचं काय झालं. वीजबचतीचा आकडा दिला असेल तर तो मॉडेलमधला की मीटरवरचा ते बातमीतच लिहावं, दोन शब्द लागतात. फर्मवाले उत्तर देतील, खात्रीने सांगते, चांगलं काम करणाऱ्यांना हे प्रश्न हवेच असतात आणि आमच्या ऑफिसात तर असा फोन आला तर आम्ही आनंदाने सगळी फाइल काढून देऊ. आणि जमलं तर आणखी एक करा. तीन-चार वर्षांपूर्वी ज्या इमारतींच्या अवॉर्डच्या बातम्या तुम्ही छापल्या होत्या त्यातल्या काही निवडून तिथे पुन्हा जा, राहणाऱ्यांना आणि वॉचमनला विचारा, पंप चालतो का, सांडपाण्याचा प्लांट सुरू आहे की नुसता उभाय, उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर किती तापतं, आणि जे सांगतील ते फोटोसकट छापा, या वेळी फोटोत माणसं असू देत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक