फरागो म्हणजे थापा नव्हेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत ‘फरागो’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘थापेबाजी’ आणि मूळ ‘फार्स’ असं छापलंय. दोन्ही चूक.

फार्स आला लॅटिन ‘फार्किरे’पासून, म्हणजे ठासून भरणे. फरागोचं मूळ ‘फार’, म्हणजे एमर गहू, आपला खपली. गुरांच्या चाऱ्यासाठी रोमन शेतकरी जव, व्हेच हा वाटाण्याच्या कुळातला वेल आणि कडधान्यं एकाच वावरात मिसळून पेरत, त्या पिकाला फरागो म्हणत. जवाच्या ताटांवर वेल चढतो, म्हणून जमिनीवर लोळून कुजत नाही. वेलामुळे चाऱ्यात प्रथिनं वाढतात. कापणी दाणा भरायच्या आत. उशीर झाला की ताटं राठ होतात आणि गुरं पाला तेवढा ओरपून बाकीचं पायदळी घालतात. आपल्याकडे मका-चवळी पेरतात ती अशीच. लोखंडाने (लॅटिन ‘फेरम’) कापतात म्हणून ‘फेरागो’, अशीही व्युत्पत्ती व्हॅरो या रोमन लेखकाने देऊन ठेवली आहे. म्हणजे असले तर्क लढवणारे आपण काही पहिले नव्हेत.

आता यात खोटं कुठे आलं? रोमन कवी जुव्हेनलने पहिल्याच उपहासिकेत माणसांच्या इच्छा, भीती, राग, सुखं या सगळ्याला आपल्या पुस्तकाचा फरागो म्हटलं, आणि सतराव्या शतकात इंग्रजीने उचलला तोही मिसळ याच अर्थाने. शशी थरूर यांचं मे २०१७चं ट्वीट आपणच उद्धृत केलंय. त्यात फरागोच्या पुढे ‘विपर्यास’ आणि ‘धडधडीत खोटं’ हे शब्द वेगळे लिहिलेत. फरागोतच थापा असत्या तर ते कशाला लिहिले असते? मराठी प्रतिशब्द हवा तर ‘कडबोळं’ आहे. आघाडी सरकारांच्या बातम्यांत आपण तो सर्रास वापरता, इथेच का आठवला नाही कोण जाणे.

उच्चारही ‘फॅरॅगो’ नव्हे. जोर ‘रा’वर.

खपलीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात शेतीच्या पानावर ‘मळणीनंतरचा खपली’ म्हणून जी रास छापली, तिच्यात दाणे उघडे होते. खपलीचं टरफल मळणीत सुटत नाही, त्यासाठी वेगळं कांडावं लागतं. ती रास साध्या गव्हाची होती. त्याची दुरुस्ती अजून आलेली नाही.

आपला,
एक जुना वाचक, सातारा